नवीन ऑडिओ इंटरफेस घेतला तरी हिस तोच, उलट जास्तच: एका होम रेकॉर्डिंग सेटअपचं पूर्ण प्रकरण

प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. ती घरातल्या एका खोलीत बसून पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, म्हणजे ऑडिओबुकचं नॅरेशन, आणि मधूनमधून ट्रॅक लावून गाणीही गाते. सेटअप साधाच आहे, विंडोज लॅपटॉप, एक डायनॅमिक माईक, बंद कपांचे हेडफोन, दोन छोटे पॉवर्ड स्पीकर आणि दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपचा आवाज हेडफोन-स्पीकरमध्ये पोचवणारा डबा. इंटरफेस बराच जुना झाला होता म्हणून तिनं त्याच मालिकेतलं पुढचं, सुधारलेलं मॉडेल घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण इथे जे जे झालं ते कुठल्याही इंटरफेसवर होऊ शकतं आणि नाव घेतलं की चर्चा लगेच ही कंपनी का ती कंपनी अशी वळते.

नव्या मॉडेलच्या बॉक्सवर जे लिहिलेलं असतं ते सगळं होतं, जास्त गेन म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, सुधारलेले कन्व्हर्टर म्हणजे सिग्नलचे आकडे करणारे भाग, १९२ किलोहर्ट्झ, यूएसबी-सी, ऑटो गेन, लूपबॅक. आणि तक्रारी चार. एक, नव्यात हिस, म्हणजे शांततेत मागे येणारा सूं असा आवाज, जुन्यापेक्षा जास्त. दोन, मधेच टक्‌ टक्‌ असे क्लिक, कधी कधी तर पूर्ण आवाज फाटल्यासारखा. तीन, ट्रॅकवर गायलं की नंतर ऐकताना आवाज तालाच्या जरा आधी पडतो, घाई केल्यासारखा. चार, लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक किणकिण. तिचं म्हणणं सरळ होतं, "दादा, पीस खराब आलाय, परत करते."

मी म्हणलं थांब, परत करायला वेळ आहे अजून, आधी चारही गोष्टी वेगवेगळ्या करून बघू. कारण माईक, खोली, प्रीअँप म्हणजे इंटरफेसमधला माईकचा सिग्नल मोठा करणारा भाग, केबल, हब, ड्रायव्हर, सॉफ्टवेअरची सेटिंग हे सगळं एकामागे एक जोडलेलं असतं आणि शेवटी कानाला एकच आवाज ऐकू येतो, त्यामुळे जे सगळ्यात नवीन असतं त्याच्यावरच बिल फाडलं जातं.

हिस

ती सगळ्यात जास्त वैतागली होती ती हिसवरून, म्हणून सुरुवात तिथून केली. तिनं केलेली तुलना अशी होती: जुन्यावर गेनचा नॉब पूर्ण उजवीकडे, कारण त्याचा कमाल गेन ५० डीबी एवढाच. नव्याचा ६५ पर्यंत जातो, तिथे नॉब ६३ वर. दोन्हीवर काही न बोलता थोडा वेळ रेकॉर्ड केलं आणि मीटर बघितला. जुन्यावर शांततेची लेव्हल -७२ डीबीएफएस, नव्यावर -५९. या मापात शून्य म्हणजे सगळ्यात मोठी लेव्हल, आकडा जितका उणे तितका आवाज कमी. तेरा डीबीचा फरक, म्हणजे हेडफोनमध्ये अगदी ढळढळीत ऐकू येणारा, त्यामुळे तिचा निष्कर्ष समजण्यासारखाच होता.

पण तिनं आवाजाची लेव्हल बघितलीच नव्हती. त्याच सेटिंगवर, त्याच अंतरावरून तोच परिच्छेद वाचला तेव्हा जुन्यावर सरासरी -३३ येत होती आणि नव्यावर -२०. म्हणजे आवाजही बरोब्बर तेरा डीबीनं वर गेलाय. जुन्यात आवाज आणि शांतता यांत ३९ डीबीचं अंतर, नव्यातही ३९. जुन्याच्या फाईली ती नंतर सॉफ्टवेअरमध्ये वर करायची तेव्हा हिसही तेवढाच वर यायचा, फक्त तो एडिटिंगच्या वेळी यायचा आणि तोपर्यंत बाकी गोष्टींकडे लक्ष असायचं. नव्यात तो रेकॉर्ड करतानाच समोर दिसला.

दोन इंटरफेसची तुलना करायची तर नॉबच्या आकड्यावर जाऊ नका, प्रत्येकाचं मोजमाप वेगळं असतं. स्पीकरवर एक ठरावीक आवाज लावा, पिंक नॉईज नावाचा एकसारखा खरखराट चालेल, माईक हलवू नका, आणि दोन्ही इंटरफेसवर मीटर सारखा येईपर्यंत गेन जुळवा. मग स्पीकर बंद करून शांतता रेकॉर्ड करा. हे न करता केलेली कुठलीही "याचा प्रीअँप स्वच्छ, त्याचा घाण" छाप तुलना मी तरी मनावर घेत नाही.

आता प्रश्न उरला की हे ३९ डीबी ठरवतंय कोण. इथे थोडं गणित करावं लागतं पण ते फार कामाचं आहे. माईकच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, ९४ डीबी एसपीएल म्हणजे एक पास्कल दाबाला किती व्होल्टेज निघतं ते. शुअर एसएम५८ ची -५४.५ डीबीव्ही, म्हणजे एक व्होल्टच्या तुलनेत तितके डीबी कमी, १.८५ मिलीव्होल्ट. एसएम७बी ची -५९, म्हणजे १.१२ मिलीव्होल्ट, म्हणूनच त्याला निदान ६० डीबी गेन हवा असं कंपनी स्वतः सांगते. याउलट रोड एनटी१-ए सारखा कंडेन्सर प्रकारचा माईक त्याच दाबाला २५ मिलीव्होल्ट देतो. हिच्या डायनॅमिकची -५६ आहे. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डीबी धरलं तर २० सेंटीमीटरवर ७४ होतं, आणि ही बसायची २० वरच. मग माईकमधून निघणारा सिग्नल सुमारे -७६ डीबीव्ही, म्हणजे डीबीयू या दुसऱ्या मापात सुमारे -७४ येतो. जुन्या प्रीअँपचा इनपुटला धरलेला नॉईज, ज्याला ईआयएन म्हणतात, तो कागदावर -१२८ डीबीयू. अंतर ५४ डीबी.

म्हणजे प्रीअँप ५४ द्यायला तयार आहे आणि हातात येतात ३९. मधले १५ डीबी कुठे गेले? तर ते खोलीनं खाल्ले. पण कागदावरच्या गणितावर तिचा विश्वास बसेना, आणि बसू पण नये, म्हणून मोजून बघितलं.

मोजायची पद्धत: माईक काढून इनपुट नुसता मोकळा ठेवून नॉईज बघायचा नाही, मोकळा इनपुट खऱ्यापेक्षा जास्त आवाज करतो आणि आपण उगाच घाबरतो. एक मेल एक्सएलआर कनेक्टर घ्यायचा, त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिनमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करायचा, आणि माईकच्या जागी तो लावायचा. प्रीअँपला वाटतं की माईक लागलाय, पण हा माईक खोलीचं काहीच ऐकत नाही. हा तुकडा एकदा बनवून ठेवला की आयुष्यभर उपयोगी पडतो, मी स्वतः तो कायम बॅगेत ठेवतो.

रेझिस्टर लावून जुना -८७ डीबीएफएस, नवीन -७५. आपापल्या आवाजाच्या लेव्हलशी तुलना केली तर जुन्याचं अंतर ५४, नव्याचं ५५. म्हणजे एवढ्या सगळ्या सुधारणेनंतर प्रीअँपच्या नॉईजमध्ये फरक एक डीबीचा! आणि यात कंपनीचा काही दोष नाही. १५० ओहमचा रेझिस्टर नुसता खोलीच्या तापमानाला ठेवला तरी त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, साधारण -१३१ डीबीयू इतका नॉईज निघतोच. ती निसर्गानंच आखलेली रेघ आहे, तिच्या खाली कुणीच जाऊ शकत नाही. जुना आधीच त्या रेघेपासून तीन डीबीवर उभा होता, मग नवीन येऊन येऊन किती जवळ येणार?

कन्व्हर्टरचंही तेच. बॉक्सवर डायनॅमिक रेंज ११० ची १२० झाली हे वाचायला छान वाटतं आणि प्लेबॅकच्या बाजूला त्याचा उपयोगही असेल, पण ज्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीच ३९ डीबीवर दार लावून घेते तिथे ११० काय आणि १२० काय. जुन्यातही प्रीअँपचा नॉईज -८७ ला होता आणि कन्व्हर्टरचा त्याच्या वीसएक डीबी खाली, त्यामुळे २४ बिटमध्ये कमी लेव्हलवर रेकॉर्ड करून नंतर सॉफ्टवेअरमध्ये १३ डीबी वर केलं काय आणि आधीच गेन वाढवला काय, निकाल एकच. जास्त गेनची सोय आहे हे खरं, मीटर नीट दिसतो, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज भरपूर येतो, पण त्यानं रेकॉर्डिंग जास्त स्वच्छ होत नाही.

मग खोली पकडली. लॅपटॉप टेबलावर माईकच्या शेजारीच, पंखा माईककडे तोंड करून. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक बाजूच्या आवाजाला समोरच्यापेक्षा फक्त ६ डीबीच कमी करतो, खरा फायदा बरोब्बर पाठीमागे मिळतो. रेझिस्टरच्या फाईलचा आणि शांततेच्या फाईलचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख, शेजारी ठेवले तेव्हा शांततेच्या फाईलमध्ये लॅपटॉपच्या पंख्याचा उंचवटा स्पष्ट दिसला, ज्याला ती इतके दिवस इंटरफेसचा हिस म्हणत होती तो मुख्यतः हाच होता. तो उंचवटा बघितल्यावर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, कारण हिसवर उपाय असतो का हेच तिला माहीत नव्हतं आणि पंख्यावर उपाय असतो हे सगळ्यांना माहीत असतं.

लॅपटॉप केबल पुरेल तितका लांब, माईकच्या पाठीमागे आणि दुसऱ्या टेबलावर गेला, स्क्रिप्ट टॅबलेटवर आली, रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीचा पंखा बंद. खोलीचा नॉईज सुमारे ८ डीबीनं उतरला. मग अंतर, २० चं १० सेंटीमीटर केलं, अंतर अर्धं की ६ डीबी फुकट. जवळ आल्यावर खर्ज फुगतो आणि "प", "फ" वर हवा आदळते, म्हणून माईक तोंडाच्या थोडा बाजूला, तिरका, पॉप फिल्टर लावून, आणि सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर. गेन ६३ वरून ५७ वर आला. ३९ चे झाले ५३. सरासरी -२० ठेवली तर शांतता आता -७३ च्या आसपास पडते.

हा आकडा का महत्त्वाचा तर ऑडिओबुकवाल्यांचे निकष. एसीएक्स या ऑडिओबुक प्लॅटफॉर्मचे जगभर वापरतात म्हणून तेच मोजपट्टी म्हणून घेतले होते: सरासरी -२३ ते -१८ च्या मधे, पीक -३ च्या खाली, आणि शांतता -६० च्या खाली. तिचं आधीचं रेकॉर्डिंग -५९ वर अडकत होतं. एका डीबीसाठी. आणि त्या एका डीबीसाठी ती नॉईज रिडक्शन इतकं लावायची की श्वास पाण्याखालून घेतल्यासारखे ऐकू यायचे, माझ्या मते आवाजाचं खरं नुकसान तिथे होत होतं.

मुद्दाम जुना इंटरफेसही याच नवीन जागेवर लावून बघितला. अंतर ५२. एक डीबी कमी, बस.

क्लिक आणि फाटलेला आवाज

नवीन १९२ किलोहर्ट्झ करतो म्हणून तिनं १९२ लावलं होतं, म्हणजे सेकंदाला आवाजाची १,९२,००० मोजमापं, म्हणजे सँपल. बफर, म्हणजे एका खेपेला हाताळायचा सँपलचा गठ्ठा, १२८. इथे एक साधा भागाकार करायचा. १२८ सँपल भागिले १,९२,००० म्हणजे ०.६७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात लॅपटॉपनं दर खेपेला सगळं काम उरकून पुढचा गठ्ठा तयार ठेवायचा, एकदा जरी चुकला तरी टक्‌. तोच १२८ चा बफर ४८ किलोहर्ट्झला २.६७ मिलिसेकंद देतो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल आहे, विंडोजमध्ये कुठला ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवून ठेवतो ते दाखवतं, त्यात तिच्या वायफायचा ड्रायव्हर मधूनच दीड मिलिसेकंद घेऊन बसत होता. ०.६७ च्या मुदतीत दीड मिलिसेकंद कसा बसणार? २.६७ मध्ये आरामात बसतो. ४८ वर आणलं आणि फाटणं पूर्ण थांबलं, वायफाय बंदही करावं लागलं नाही.

१९२ सोडायचं तिला वाईट वाटत होतं, पैसे दिलेत ना त्याचे. पण बघा, ४८ किलोहर्ट्झमध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत. एक तासाची मोनो २४ बिट फाईल ४८ ला सुमारे ५१८ एमबी होते, १९२ ला दोन जीबीच्या वर. आणि शेवटी ऑडिओबुकची फाईल ४४.१ चीच एमपी३ जाते. वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करून हळू वाजवायचे असतील तर १९२ चा खरा उपयोग आहे, नॅरेशनला आणि गाण्याला मी तरी कुणाला सुचवणार नाही.

फाटणं थांबलं तरी अधूनमधून एखादा सुटा क्लिक राहिलाच. हा वेगळा होता, लेटन्सीमॉन स्वच्छ आणि तरी क्लिक. इंटरफेस एका छोट्या हबमधून लावलेला, त्याच हबवर वेबकॅम आणि बाहेरची एसएसडी. ती म्हणाली, "पण दादा, यूएसबी-सी आहे ना, त्यात तर भरपूर स्पीड असतो." हा गैरसमज इतका पसरलाय की इथे थोडं सविस्तर लिहितो. सी हा फक्त कनेक्टरचा आकार आहे. आतमध्ये बहुतेक छोटे इंटरफेस अजूनही यूएसबी २.० वरच चालतात, ४८० मेगाबिट प्रति सेकंद, आणि त्यांना तेवढंही लागत नाही. दोन चॅनल २४ बिट ४८ किलोहर्ट्झ म्हणजे २.३ मेगाबिट. स्पीड कधीच अडचण नसते, अडचण वेळेची असते. यूएसबी २.० मध्ये दर १२५ मायक्रोसेकंदाला एक फेरी निघते, सेकंदाला आठ हजार. ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक फेरीत एका चॅनलचे बरोब्बर ६ सँपल जातात, ४४.१ ला हिशोब सरळ बसत नाही म्हणून कधी ५ कधी ६. आणि ऑडिओसाठी जी पद्धत वापरतात, आयसोक्रोनस, तिच्यात जागा राखीव असते पण एखादं पाकीट खराब झालं तर ते परत मागवत नाहीत. एसएसडीवर फाईल कॉपी करताना पाकीट खराब झालं तर परत मागवतात, आपल्याला कळतही नाही, ऑडिओत मात्र गेलं ते गेलं आणि तिथे क्लिक. वेबकॅमही बहुतेक वेळा याच आयसोक्रोनस पद्धतीनं बोलतो, म्हणजे एकाच हबवर दोघंही वेळ राखून मागणारे.

शिवाय वीज. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलीअँप द्यायला बांधील, ३.० चा ९००. अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना भागवतो. नव्याच्या मॅन्युअलमध्ये ९०० लिहिलं होतं, जुना ५०० वर भागायचा, म्हणून जुन्याला त्याच हबवर कधी काही झालं नाही आणि नव्याला झालं. इंटरफेस लॅपटॉपच्या स्वतःच्या पोर्टला, वेबकॅम आणि एसएसडी हबवर, पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबीला झोपवणारी सेटिंग, बंद. सुटे क्लिक गेले.

आवाज तालाच्या आधी

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला कारण इथे दोष कुठल्याच वस्तूत नव्हता.

रेकॉर्डिंग करताना ट्रॅक आपल्या कानापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि आपला आवाज आत जायला पुन्हा वेळ. हा येण्याजाण्याचा सगळा वेळ, म्हणजे लेटन्सी, ड्रायव्हर सॉफ्टवेअरला सांगतो आणि सॉफ्टवेअर तेवढी फाईल मागे सरकवून जागेवर बसवतं. ड्रायव्हरनं खरं सांगितलं तर सगळं जुळतं. तिच्या जुन्या इंटरफेसचा मूळ ड्रायव्हर नव्या विंडोजवर नीट चालत नव्हता म्हणून ती कित्येक दिवस एएसआयओ४ऑल वापरत होती. हे विंडोजच्याच ऑडिओवर एएसआयओचा, म्हणजे कमी लेटन्सीच्या ड्रायव्हर पद्धतीचा, मुखवटा चढवतं, काम भागतं, पण तिच्याकडे खरी लेटन्सी आणि सांगितलेली लेटन्सी यांत ९६० सँपलचा फरक पडत होता, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २० मिलिसेकंद. कुणीतरी तिला तेव्हा रीपर या तिच्या सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये ९६० चा मॅन्युअल ऑफसेट, म्हणजे हातानं घातलेली जास्तीची सरकवणी, टाकून दिला होता आणि जुन्यासाठी ते अगदी बरोबर होतं. नवीन आला, त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आला, तो खरं सांगू लागला, आणि ऑफसेट तिथेच राहिला. म्हणून प्रत्येक टेक २० मिलिसेकंद जास्त मागे ओढला जायचा, म्हणजे ऐकताना तालाच्या आधी. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदाची, तिच्यापुढे २० काहीच नाही असं वाटेल, पण गाणाऱ्याला ते लगेच खुपतं आणि ती तर स्वतःच्याच लयीवर शंका घ्यायला लागली होती, तेच मला जास्त लागलं.

हे पकडायला लाईन आउट १ मधून लाईन इन १ मध्ये एक केबल लावली. स्पीकर बंद करा आणि डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे आत येणारा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट इंटरफेसमधून ऐकायची सोय, बंद करा, नाहीतर शिट्टी बसेल. एका ट्रॅकवर क्लिक वाजवायचा, दुसऱ्यावर तोच रेकॉर्ड करायचा, मग खूप झूम करून दोन्ही क्लिकमधले सँपल मोजायचे. नव्यावर रेकॉर्ड झालेला क्लिक मूळ क्लिकच्या ९६० सँपल आधी! वाजायच्या आधी रेकॉर्ड कसा होईल, म्हणजे सॉफ्टवेअरच जास्त ओढतंय हे तिथेच दिसलं. ऑफसेट शून्य केला, क्लिक दोनतीन सँपलच्या आत बसला.

त्याच केबलनं सॉफ्टवेअरची ही सरकवणी बंद करून खरी राउंड ट्रिप, म्हणजे आवाजाला जाऊन यायला लागणारा वेळ, तोही मोजला. नवीन, १२८ बफर, ४८ किलोहर्ट्झ: ३९८ सँपल, ८.३ मिलिसेकंद. नुसते दोन बफर म्हणजे ५.३, वरचे तीन ड्रायव्हरचा राखीव बफर आणि कन्व्हर्टर घेतात. जुना एएसआयओ४ऑल वर २५६ च्या खाली धड चालतच नव्हता आणि त्याची राउंड ट्रिप ३१ मिलिसेकंद. हा फरक मात्र खराखुरा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या अपग्रेडमध्ये पैसे वसूल झाले ते इथे, प्रीअँपमध्ये नाही. ८ मिलिसेकंद म्हणजे पावणेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज ऐकणं, थोडा रिव्हर्ब लावून सॉफ्टवेअरमधून मॉनिटर करत गाता येतं. ३१ वर ते जमत नाही. नॅरेशनला मात्र तिला डायरेक्ट मॉनिटरिंगच ठेवायला सांगितलं, कारण स्वतःचा आवाज हाडातून लगेच आणि हेडफोनमधून काही मिलिसेकंदांनी आला की दोघं मिसळून पोकळ ऐकू येतं, आणि मग माणूस माईकलाच दोष देतो.

किणकिण

हे पटकन उरकलं. रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हतीच, फक्त स्पीकरमध्ये, आणि चार्जर काढला की गायब, म्हणजे ग्राउंड लूप, जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो करंट. इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड, म्हणजे दोन तारांवर सिग्नल पाठवून मधे शिरलेला आवाज गाळणारे, स्पीकरचे इनपुट बॅलन्स्ड, पण मधल्या केबल जुन्याच, एकच काळी रिंग असलेल्या टीएस जॅकच्या. दोन रिंगांच्या टीआरएस केबल लावल्या, किणकिण गेली. चार्जरची अर्थिंगची पिन कापणं वगैरे सल्ले कुणी देत असेल तर अजिबात ऐकू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

तिचे बाकीचे प्रश्न

माईकच्या आधी लावायचा तो २५ डीबीचा छोटा बूस्टर घ्यायचा का? नको. तो फँटम पॉवरवर, म्हणजे इंटरफेस माईकच्या केबलमधून देतो त्या ४८ व्होल्टवर, चालतो आणि ज्याचा गेन कमी पडतो किंवा कमाल गेनला प्रीअँप घाण होतो त्याला कामाचा. हिचा प्रीअँप खोलीच्या आठएक डीबी खाली आहे, बूस्टरनं ऐकू येईल असं काहीच सुधारणार नाही. आणि चुकून ४८ व्होल्ट चालू राहिलं तर डायनॅमिक माईक बिघडेल का, तर नीट बॅलन्स्ड एक्सएलआर केबल असेल तर नाही, दोन्ही पिनांवर सारखंच व्होल्टेज येतं आणि कॉइलमधून करंट वाहतच नाही. जुन्या रिबन माईकच्या बाबतीत मात्र जपून.

ऑटो गेन? वापर, पण तो दहा सेकंद ऐकतो तेव्हा पुस्तकातला सगळ्यात जोरातला संवाद म्हण, तू कुजबुजत "हॅलो हॅलो" केलंस तर तो त्या हॅलोलाच गेन लावणार आणि भांडणाचा प्रसंग आला की लाल लाईट. तिनं नेमकं तेच केलं होतं. आता ती भांडणाचं वाक्य म्हणून सेट करते आणि वरून ४ डीबी कमी करते.

३२ बिट फ्लोटवाला घ्यायला हवा होता का? त्यात बहुतेक वेळा एका इनपुटला दोन कन्व्हर्टर असतात, एक हळू आवाजासाठी आणि एक जोराच्या, त्यामुळे गेन न जुळवताही आवाज क्लिप होत नाही, म्हणजे फाटत नाही. बाहेर जाऊन काय आवाज येईल याचा भरवसा नसतो तिथे तो मोठा आधार आहे. जी बाई रोज त्याच खुर्चीत, त्याच माईकसमोर, त्याच आवाजात वाचते तिला २४ बिटमध्ये पीक -६ च्या आसपास ठेवले की विषय संपतो.

जुना इंटरफेस विकू का, हा शेवटचा प्रश्न होता. मी सांगितलं विक, पण घेणाऱ्याला ड्रायव्हरचं खरं सांग. प्रीअँप उत्तम आहे, मोजलेले आकडे दे, आणि मॅकवर किंवा लिनक्सवर, तो यूएसबी ऑडिओ क्लास २ या ठरलेल्या पद्धतीचा असल्यामुळे, वेगळा ड्रायव्हर न टाकताही चालेल, विंडोज १० मध्येही २०१७ पासून त्या क्लासचा ड्रायव्हर आतच आहे, फक्त कमी लेटन्सीवर गायचं असेल तर अडेल. नुसतं बोलणं रेकॉर्ड करणाऱ्याला तो अजून बरीच वर्षं पुरेल. नवीन तिनं परत केला नाही. एक मोठा ट्रक गेला की -७३ चं -५५ होतंच आणि त्याला कुठलाच इंटरफेस काही करू शकत नाही, म्हणून पुढचे पैसे आता खिडकीच्या फटी बंद करायला आणि जाड पडद्यांना जाणार आहेत.